हाबेलबाचा दोर

फार वर्षांपूर्वी, आपल्या तांबडवाडीच्या देवळावर अजून कौलंही चढली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढं बसावं, थोरांनी मागं. आणि कुणाच्या मनात काही सलत असेल तर त्यानं अगदी जवळ यावं, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

तेव्हा वाडीत हाबेल नावाचा दोर वळणारा राहत होता. ते नाव त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी दिलं. शास्त्रातल्या हाबेलानं आपल्याजवळचं उत्तम तेच देवाला वाहिलं, तसा हाही उत्तम तेच देतो, म्हणून. असं म्हणतात, त्याच्या दोराला हत्ती बांधला तर खुंटा उपटायचा, पण दोर तुटायचा नाही.

वाडीला विहीर एकच, बारा पुरुष खोल. दरवर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधी एक माणूस दोरावरून खाली उतरे आणि गाळ काढी. तो माणूस म्हणजे हाबेलचा जिवलग दोस्त दानू. उतरताना दानू दरवर्षी तीच थट्टा करी, "हाबेल्या, दोर तुटला तर स्वर्गात तुझं नाव सांगीन बरं!" आणि हाबेल म्हणे, "तुला स्वर्गात घेतंय कोण? आधी गाळ काढ."

मग दुष्काळ पडला. आता नीट ऐका, कारण पाप कसं शिरतं ते इथं कळतं. अंबाडी पंधरा दिवस पाण्यात कुजवली तरच तिचा धागा चिवट होतो. पण पाणी होतं कुठं? हाबेलनं ती पाचव्या दिवशीच बाहेर काढली. धागा कडकडीत निघाला. हे त्याच्या बोटांना कळलं. पण सणाआधी दोर देतो असा शब्द त्यानं मंडळीला दिला होता, आणि हाबेलला जमलं नाही असं कुणी म्हणावं हे त्याला सोसवेना. त्यानं कच्चा धागा आत घातला आणि वरून घायपाताचा पांढराशुभ्र वाख वळला. दोर इतका देखणा झाला की बघणाऱ्यांनी हात फिरवून वाहवा केली.

दानू अर्ध्यावर उतरला आणि दोर तुटला.

काठाच्या दगडानं दोर कापला, असं सगळे म्हणाले. दानूची बायको सगुणाबाई, तीच उलट हाबेलची समजूत घालायला आली. "भावजी, चार घास खा. दगडानं दोर कापला, त्याला तुम्ही काय करणार?" हाबेलनं ताट पुढं ओढलं, पण घास तोंडात फिरत राहिला.

तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा उरला नाही. कुठं काटकी मोडली तरी तो दचके. वळलेला दोर तो पुन्हा उकले, पुन्हा वळे. देवळात प्रभुभोजनाआधी पाळक म्हणत, "कुणाचं कुणाशी काही असेल तर आताच बोला." ते शब्द ऐकले की हाबेल उठून बाहेर जाई. भाकर पुढं येईपर्यंत तो कधी बसलाच नाही. लोकांना वाटलं, माणूस फार नम्र झालाय. एकदा तो म्हणाला, "मला त्या नावानं हाक मारू नका." तर कुणी हसून विचारलं, "मग काय, भावाला मारणारा काइन म्हणायचं?" असं म्हणतात, त्या दिवशी त्याचे केस पांढरे झाले.

मंडळी हो, पाप केलं की ते मागं राहत नाही. ते आत येऊन बसतं आणि सांगत राहतं, तू म्हणजे मीच, दुसरं काही नाहीस. हाबेलला ते खरं वाटू लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी विहिरीचा तळ उघडा पडला. आणखी खोल खणल्याशिवाय वाडी जगणार नव्हती. हाबेलनं लांबच्या नदीच्या डोहात वीस दिवस अंबाडी कुजवली आणि नवा दोर वळला. पण दानूनंतर उतरायला कुणी धजेना. तेव्हा सगुणाबाईनं पदर खोचला. "मी उतरते. त्यांचं काम अर्धं राहिलंय. आणि दोर भावजींचा आहे, मला कसली भीती?"

हाबेलनं तिच्या कमरेला गाठ मारली, पण दोर हातातून सोडला नाही.

"थांबा, वयनी," तो म्हणाला. "तो दोर दगडानं नाही कापला. धागा कच्चा होता. मला माहीत होतं."

कुणीतरी दगड उचलला. सगुणाबाईनं कमरेची गाठ सोडली आणि दोर हाबेलच्या हातात ठेवला.

"मग तुम्ही उतरा. दोर मी धरते."

ही क्षमा होती की शिक्षा, कुणाला कळलं नाही. असं म्हणतात, तिलाही कळलं नव्हतं.

हाबेल उतरला. वर सगुणाबाई, तिच्या मागं आठ गडी. खाली पहार वाजत होती आणि प्रत्येक घावाला वरचे दोर आणखी घट्ट धरत होते. अचानक खडक फुटला, पाणी गरजत वर आलं आणि काठाचे दगड ढासळू लागले. आठही गडी दोर सोडून पळाले. सगुणाबाई एकटी उरली. दोर तिच्या तळव्यांतून सरकू लागला, कातडी सोलून निघाली.

खालून ओरडणं आलं, "वयनी, सोडा! तुम्हीही याल खाली!"

सोडला असता तर तिला कोण बोललं असतं?

"गप बसा, भावजी!" ती ओरडली, आणि दोर थांबला.

बारा पुरुष खोलीवरून तिनं त्याला वर ओढला. तो काठावर पडून राहिला. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला होईना. ती म्हणाली, "हाबेलभावजी, पाणी गोड आहे का?" तिनं त्याला त्याच्या नावानं हाक मारली. तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

पाळकांनी दोर उचलून पाहिला आणि डोक्यावरचं पागोटं काढलं. दोरावर रक्ताचे ठसे होते. दोन तळवे सगुणाबाईचे. आणि त्यांच्या पुढं, विहिरीच्या बाजूला, आणखी दोन तळवे. तिथं तर दुसरं कुणीच नव्हतं.

दानू काही परत आला नाही. सगुणाबाई पुढंही कधी कधी दोन-दोन महिने हाबेलशी बोलत नसे. पण त्या रविवारी तो देवळातून उठून गेला नाही. भाकर पुढं आली, ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली. आणि त्या विहिरीचं पाणी तेव्हापासून आटलेलं नाही, असं म्हणतात.

आजही आपण सणाआधी गाळ काढतो. उतरणाऱ्याला सगळी मंडळी विचारते, "हाबेलबाची आण आहे, तुझा दोर कोण धरणार?" त्यानं ज्याचं वाईट केलं असेल, त्याचं नाव घ्यायचं. मी कुणाचंच वाईट केलं नाही, असं जो म्हणेल त्याला आपण उतरवत नाही. नाव ओठांवर यायला वेळ लागतो. कधी कधी दुपार कलते. कुणी घाई करत नाही, पण प्रत्येकाला धास्ती असते, कारण ज्याचं नाव निघेल त्यानं नाही म्हटलं तर? मग नाव निघतं. गर्दीतून कुणीतरी पुढं येतं, तळव्यांना माती चोळतं, आणि दोर हातात घेतं.