आलोच म्हणणारा राजा

घसा बसला माझा हाका मारून. जेवायला चला, आलोच. हातपाय धुवा, आलोच. शेवटी दिवा मालवला तेव्हा पांघरुणात शिरलात. केतकी, पाय आत घे. निनाद, हसू नकोस, मी खरंच रागावलेय. गोष्ट सांगते, पण रागातच सांगणार.

तर एक राजा होता, आणि त्या मेल्याच्या तोंडी एकच शब्द. आलोच. कुणी हाक मारो, कुणी पाया पडो, हा सोंगट्यांच्या पटावरून मान वर न करता म्हणायचा, आलोच. आणि जायचा कुठे? कुठेच नाही.

पण त्या राज्यात एक नवल होतं बरं का. तिथे शब्दांना हातपाय असायचे. 'आलोच' म्हटलं की अंगठ्याएवढा शब्द तोंडातून टुणकन उडी मारायचा आणि ज्याला म्हटलं त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. बोलणारा तिथे आला की शब्द सुटला. नाही आला, तर बसला उपाशी.

मग एकदा काय झालं, रखमाजी माळी राजाकडे आला. म्हणाला, "महाराज, बागेतल्या विहिरीचा कठडा ढासळलाय. तुम्ही बघितल्याशिवाय गवंडी हात लावत नाही."

"आलोच," राजा म्हणाला.

मग राजाची मुलगी वेणू आली, ओंजळीत सागरगोटे घेऊन. "बाबा, माझ्याशी एक डाव खेळा ना."

"आलोच."

मग बागेपलीकडे राहणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या आईचा निरोप आला. एकदा माझ्यासमोर बसून दोन घास खा रे.

"आलोच."

रोज हेच. आईच्या उंबऱ्यावर तर इतके शब्द जमले, की तिला पाय ठेवायला जागा उरली नाही. ती बिचारी त्यांना वाटीवाटीने ताक पाजायची. स्वतःच्या पोराच्या थापा पोसत बसायची म्हातारी. संताप येतो की नाही?

शब्दांनाही आला. एके दिवशी सगळे उंबऱ्यांवरून उठले, तडक राजवाड्यात गेले आणि राजाच्या पायांवर चढून बसले. राजाला वाटलं, पायाला मुंग्या आल्यात. खेळत राहिला.

तिकडे वेणू वाट बघून कंटाळली. एकटीच विहिरीपाशी जाऊन खेळायला लागली. एक सागरगोटा घरंगळला, तो धरायला ती वाकली, आणि कठडा तर नव्हताच. पोर गेली आत. नशीब, विहिरीच्या भिंतीत उंबराचं रोप उगवलं होतं. त्याला लोंबकळून ती ओरडली, "बाबा!"

राजाने ऐकलं. काळीज हललं त्याचं, नाही असं नाही. "आलोच," म्हणाला आणि उठायला गेला. पाय उचलेनात, जात्यासारखे जड. पुन्हा म्हणाला, "आलोच." अजून एक शब्द पायावर चढला. जितकं म्हणावं तितका जड होत गेला.

वेणूच्या आजीनेही ऐकलं होतं. ती काहीच म्हणाली नाही. हातातली ताकाची वाटी टाकली आणि निघाली. गुडघे माझ्यासारखेच दुखायचे तिचे, तरी धावली. तिने विहिरीचा दोर झाडाला गुंडाळला, रखमाजी तो धरून खाली उतरला, आणि पोर वर आली.

राजा हे खिडकीतून बघत होता. पुन्हा 'आलोच' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हातांवर जोर देऊन, पाय फरफटत, जिना उतरून, चिखल तुडवत तो विहिरीपाशी आला. वेणू आजीच्या पदरात शिरून कुडकुडत होती. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरं केलं.

पण तो आला होता ना, म्हणून शब्द सुटायला लागले. काही तिथेच पायांवरून उतरले. काही त्याने गवंड्याबरोबर कठड्याचे दगड उचलले तेव्हा उतरले. उरलेले संध्याकाळी आईच्या उंबऱ्यावर, तो पानावर बसला तेव्हा. वेणू मात्र लगेच बोलली नाही. तो रोज काही न बोलता तिच्यासमोर मांडी घालून बसायचा. मग एक दिवस तिने सागरगोटे त्याच्यापुढे सरकवले.

पुढे सगळं नीट झालं. माझा रागही उतरला थोडा.

आता डोळे मिटा. आणि निनाद, 'झोपतोच' म्हणू नकोस. झोप.