भित्र्या सशाची धडक

माणसं अजून गारगोटीच्या ठिणगीवर बार काढत होती, त्या काळची ही गोष्ट. एका माळावर एक ससा राहायचा. पान हललं तरी तो करवंदीच्या जाळीत शिरायचा, म्हणून सगळे त्याला हसायचे. शेजारची लावी पक्षीण तेवढी हसत नसे.

एके सकाळी बाबी राऊळ शिकारी आजोबांच्या वेळची चकमकीची बंदूक घेऊन आला आणि त्या जाळीशीच उभा राहिला. समोर गवतात लावी चार पिल्लं पंखाखाली घेऊन बसली होती.

"उडून जा गं!" जाळीतून ससा कळवळला.

"यांना कुठे उडता येतंय?" लावी म्हणाली आणि जागची हलली नाही.

बाबीने नेम धरला. जाळीतून कितीदा पाहून सशाला ठाऊक होतं, ही बंदूक आधी ठिणगी टाकते, मग क्षणभर अडखळते आणि मगच बार होतो. खटका पडला, ठिणगी उडाली, तसा तो बाबीच्या पायांवर जाऊन आदळला. बाबी डगमगला आणि छर्रे आभाळात गेले.

"पळा! दारू ठासायला त्याला वेळ लागेल!" ससा ओरडला.

धूर विरला तेव्हा गवत रिकामं होतं. कोरड्या ओढ्यापलीकडे पोचल्यावर लावीने पिल्लं पाहिली. चारही धडधाकट होती.

"दादा, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली तर! अजूनही वाटतेय."

लावीने पिल्लांना हळूच पुढे ढकललं. पिल्लं सशाच्या पोटाशी बिलगली, आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.