आत्याच्या बोटांवरच्या चामखिळी

माघ वद्य तृतीया. पहाटे दाट धुके होते; उन्हे वर आल्यावर ते विरले आणि हवा कोरडी झाली. त्या दिवशी नदीकाठच्या जंगलात, जुन्या उंबरावर राहणाऱ्या वानरांच्या कळपात मोठे भांडण जुंपले. त्याचे असे झाले, मुलांनो.

त्या कळपात एक म्हातारी वानरी होती. सगळे तिला आत्या म्हणत. तिचे दात पडले होते आणि उडीही आखूड पडे; पण केसांतल्या उवा, गोचिड्या अन् कुसळे वेचण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. सकाळ झाली की लहानथोर तिच्यापुढे पाठ करून बसत आणि जाताना एखादे पिकले उंबर तिच्या पुढ्यात ठेवत. त्यावरच तिचे पोट चाले.

थंडी पडू लागली तेव्हा आत्याच्या बोटांवर, नखांच्या कडेने, डाळीएवढ्या खरखरीत चामखिळी उठल्या. ती त्या नखाने खुडी आणि पुन्हा कामाला लागे. पुढे कळपात एकेकाला काही ना काही होऊ लागले. पिलांच्या गालांवर बारीक, चपट्या चामखिळी आल्या. आत्याच्या भावजयीच्या मानेवर देठाची एक लोंबू लागली. नायकाच्या तळपायात एक आत दबून बसली. तिच्या मधोमध काळे ठिपके होते आणि तो लंगडत चाले. "काटा मोडलाय आत, दुसरं काय!" असे म्हणून आत्याने बाभळीच्या काट्याने ती कोरली. रक्त आले, ठिपके तसेच राहिले, आणि शेजारी आणखी दोन उगवल्या.

"हे सगळं त्या डबक्यातल्या भेकामुळे, त्या फोडाफोडांच्या बेडकामुळे!" नायक गरजला. "त्याचं अंग पाहिलंत? त्याच्याच पाण्यातून आलंय. हाकला त्याला!"

भेक शांतपणे म्हणाला, "बाबांनो, मी जन्मापासून असाच आहे. तुम्ही परवापर्यंत गुळगुळीत होतात, ते का माझ्या कृपेने?"

डबक्यात गावातली एक म्हैस डुंबत होती. ती म्हणाली, "हा रोज माझ्या पाठीवर बसतो. बघा माझी पाठ, आहे एक तरी? मी पारडू असताना माझ्या मानेवर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे मस होते. गुरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, दोन जनावरांना एकच दावं बांधता, म्हणून हे पसरतंय. दावं वेगळं केलं, मस हळूहळू गळून गेले. आता तुमचं दावं कोणतं, ते तुम्हीच शोधा."

वानर एकमेकांकडे पाहू लागले. आत्याने मात्र आपल्या बोटांकडे पाहिले आणि हात पाठीमागे लपवला. त्या एका हालचालीने सगळ्यांना सगळे कळले. पिलांच्या आया पिलांना घेऊन मागे सरकल्या.

"मग काय करू गं मी?" आत्याने विचारले. "तोडून टाकू हा हात?"

"तोडायचा कशाला, आत्याबाई? आवरायचा," म्हैस म्हणाली. "खुडू नका. डिंक लावून वर पान गुंडाळा; बरं होईपर्यंत कुणाला हात लावू नका. पिलांच्या गालांना तर कुणीच हात लावायचा नाही, त्या आपोआप जातात. नायकसाहेब, तुम्ही कोमट झऱ्यात पाय भिजवा, मेलेली कातडी दगडाने हलकेच घासा, आणि तो दगड दुसऱ्याला देऊ नका."

"आणि माझी?" भावजय फणकारली. "घोड्याचा केस बांधून तोडू का?"

"खुपते का?"

"नाही."

"मग राहू दे. बांधून पिकली, तर मान वळवायची पंचाईत होईल."

दुसऱ्या दिवसापासून आत्या हाताला पान गुंडाळून फांदीच्या टोकाला एकटी बसू लागली. तिच्यापुढे पाठ नाही, तेव्हा उंबरही नाही. ती खाली पडलेली, मुंग्या लागलेली फळे डाव्या हाताने उचलून खाई. कोणी तिला टाकून बोलले नाही. पण बोलायला आलेही नाही.

एके सकाळी तिच्या मागे कोणीतरी येऊन बसले आणि तिच्या पाठीच्या केसांतून धसमुसळी बोटे फिरू लागली.

"अगं, उवा काढतेस की केस उपटतेस?" आत्या कळवळली.

"तुमच्यासारखा हात कुठून आणू, वन्सं?" भावजय म्हणाली. "जन्मभर आमच्या पाठी निवडल्यात, तुमची कुणी पाहिलीच नाही. केवढी कुसळं ही! गप्प बसा आता." आणि तिने एक पिकले उंबर पुढे सरकवले. ते बराच वेळ आत्याच्या हातात तसेच राहिले.

वैशाख शुद्ध पंचमी. आकाश निरभ्र, वारा उष्ण. आत्याच्या बोटांवर एकही चामखीळ उरली नव्हती. पिलांपैकी एकाच्याच गालावर दोन राहिल्या होत्या. नायकाच्या तळपायातल्या तिनांपैकी दोन गेल्या, एक होती. भावजयीच्या मानेवरची जशीच्या तशी होती. भेक डबक्यात होता. सकाळी आत्यापुढे सात जण पाठ करून बसले.

तात्पर्य : मायेच्या हातानेही अपाय होऊ शकतो; म्हणून हात पुढे करण्याआधी तो पाहावा, आणि वेळ आली तर आवरून धरावा. तीही मायाच असते.