खंड्याच्या पोटातली कोय

कुत्री-मांजरं अजून शब्दांनी भांडत होती, त्या काळची गोष्ट. आमरसाच्या दिवशी खंड्या कुत्र्याने अख्खी कोय गिळली आणि तो कळवळू लागला.

"वैद्यांकडे जाऊ नकोस!" कावळा ओरडला. "पोटात आंबा उगवेल. शेंड्याची फांदी माझी!"

"पाला माझा," शेळी म्हणाली. "खंडूभाऊ, गावासाठी एवढं सोसा."

गावासाठी म्हटल्यावर खंड्याने कण्हणंही गिळलं. पण त्याची जन्माची वैरीण, चिमी मांजर, मालकिणीचा पदर ओढत तिला घेऊन आली.

"हा मेला तर मी भांडू कुणाशी?"

वैद्यांनी कोय काढली. खंड्या परतताच कावळा चिडला, "आणि आमचं झाड?"

खंड्याने कोय पुढे ठेवली. "घ्या, कावळेदादा. गिळा. गावासाठी!"

सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.