बीव्हरांचा बांध

ढग पाण्यात उतरून झोपत त्या काळची गोष्ट. अमेरिकेतल्या एका रानात बीव्हर नावाच्या प्राण्यांनी ओंडके रचून ओढा अडवला होता. त्या बांधामागे साठलेल्या तळ्यात मधोमध त्यांची घरं होती. खोल पाण्यामुळे लांडगा तिथवर पोचत नसे. पूर्वकाठचे बीव्हर बर्च झाडाचे ओंडके आणत, पश्चिमकाठचे पॉप्लर झाडाचे, आणि बांधात दोन्ही एकमेकांत घट्ट अडकलेले असत.

एका वर्षी बांध झिरपू लागला.

"तुमचीच लाकडं कुजकी!" पूर्वेचे म्हणाले.

"कुजकी तुमची!" पश्चिमेचे ओरडले, आणि दोन्हीकडचे समोरच्यांचे ओंडके उपसू लागले.

बांधाच्या भेगांत चिखल लिंपणारी म्हातारी बीव्हर भुरी म्हणाली, "अरे, उपसताय तिथं दुसरं काही लावताय का?"

"आधी त्यांचं निघू दे, मग बघू," दोन्हीकडून एकच उत्तर आलं.

संध्याकाळी पाणी ढगांना घेऊन हळूच निघून गेलं. समोरच्यांचे सगळे ओंडके निघाले म्हणून दोन्ही काठांवर विजयाचा जल्लोष झाला.

सकाळी धुक्यातून, कोरड्या तळ्यातून, लांडगा सावकाश चालत आला. पूर्वेचा कोण आणि पश्चिमेचा कोण, हे त्याने कुणालाच विचारलं नाही.