टोकन नंबर सत्तावीस

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गवंडी होता. सांगितलं तेवढंच करायचा, पण अगदी मन लावून करायचा. त्याच्या बायकोला, हौसाला, चुलीच्या धुरानं धाप लागायची. ती धापा टाकायला लागली की केरबाला रडू यायचं.

एक दिवस घरोघर चौकशी करणारी एक बाई गावात आली. पिवळं रेशनकार्ड जाईल या धास्तीनं हौसानं बजावलं, "काय बी इचारलं तरी 'न्हाई' म्हना." आणि ती शेजारणीकडं जाऊन बसली.

"घरात पंखा?" बाईनं विचारलं.

"न्हाई," पंख्याखाली बसून केरबा म्हणाला.

"टीव्ही?"

"न्हाई."

"कुणाला धाप लागते?"

"न्हाई."

बाई निघून गेली. शेजारणीकडून खरं कळल्यावर हौसा धावत घरी आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आवो, ती रेशनची न्हाई, दवाखान्याची हाय! गरिबीत, धुरात ऱ्हाऊन मानसाला दमा कसा जडतो ते बघत्यात. धाप आसंल त्याची फुकट तपासनी. पळा! आन् आता 'हाय' म्हना!"

केरबानं बाईला गाठून परत आणलं. बाईनं खाली मान घालून नवा कागद भरायला घेतला.

"गॅस?"

"हाय."

"मोटारगाडी?"

"हाय."

"शिक्षण?"

"हाय."

"किती?"

"हाय तेवढं."

"पोटात बाळ?"

"हाय!"

बाईचं पेन थांबलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कागद फाडला, हौसालाच सगळं विचारलं आणि सोमवारी शाळेतल्या शिबिराला बोलावलं.

"आता मला इचारल्याबिगर तोंड उघडू नगा," हौसानं नवऱ्याला दम भरला.

सोमवारी शाळेत ही गर्दी. हौसा झाडाखाली टेकली, केरबा रांगेत उभा राहिला.

"नाव काय तुमचं?" टेबलावरच्या माणसानं विचारलं.

"थांबा, इचारून येतो." आणि त्यानं हौसालाच उठवून टेबलापर्यंत आणलं. गाव विचारलं, परत आणलं. वय विचारलं, परत आणलं. तिसऱ्या खेपेला हौसाचा ऊर भात्यासारखा हलायला लागला.

"जीव घेता का माजा? आता मला उठवू नगा. माज्या वाटचं काय आसंल ते तुमीच उरका!"

टेबलावर मिळालेलं तिचं टोकन मुठीत घट्ट धरून केरबा तपासणीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला.

"सत्तावीस!" आतून हाक आली.

केरबा आत गेला. गर्दीत वर बघायला कुणाला सवड नव्हती. त्यानं रक्त दिलं. नळी तोंडात धरून बायकोसाठी जीव तोडून फुंकर मारली.

मग दंडावर कापूस दाबत तो झाडाखाली धावत आला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

"ऊठ हौसा, चल घरी! डागतर म्हनालं, तुजी छाती ठनठनीत हाय. तुला काय बी झालेलं न्हाई!"