मृदंगाची ओंजळभर कणीक

मोहरी नदीच्या काठी सावळदरा नावाचं गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला रामाचं दगडी देऊळ, देवळापुढे बकुळीचं जुनं झाड, आणि त्या झाडाच्या पारावर बकुळनाथ महाराज बसलेले असत. महाराज कुठून आले, त्यांचं मूळ नाव काय, हे गावाला ठाऊक नव्हतं. बकुळीखाली बसतात म्हणून बकुळनाथ. अंगावर एक छाटी, ओठांवर रामाचं नाव, आणि डोळे असे की आपलं दुःख सांगायला आलेला माणूस त्या डोळ्यांकडे पाहूनच अर्धा हलका व्हावा.

त्या देवळात पखवाजाची सेवा येसबा गुरवाकडे होती. त्याच्या आधी त्याच्या वडिलांकडे, त्यांच्या आधी आजोबांकडे. येसबा आता थकला होता. बोटांची पेरं सुजून गाठीसारखी झाली होती आणि कानांनाही नीट ऐकू येत नसे. पण पखवाज मांडीवर घेतला की त्याला कानांची गरज उरत नसे. नाद त्याच्या मांडीतून वर चढे आणि छातीत जाऊन बसे.

पखवाजाची उजवी पुडी बोलते आणि डावी घुमते. डावी घुमायची तर तिच्यावर गव्हाची ओली कणीक थापावी लागते. कणीक नसेल तर नुसतं कोरडं चामडं, त्यात जीव नाही. कीर्तन संपलं की येसबा ती कणीक खरवडून काढी आणि नदीवर जाऊन माशांना घाली. त्याच्या वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "येसू, ही कणीक कुनाच्या तरी पोटात गेली म्हंजी सेवा पुरी झाली."

रामनवमीला या पखवाजाचा आणखी एक मान होता. दुपारी रामजन्माची वेळ झाली की कीर्तन थांबे, टाळ थांबत, सारं देऊळ श्वास धरून उभं राही. मग येसबाचा डावा हात पुडीवर पडे. ती एकच थाप. ती घुमली की पुजारी पाळण्याची दोरी ओढी, गुलाल उडे, आणि डोंगरावरचे धनगरसुद्धा ती ऐकून उपास सोडत.

ही गोष्ट ज्या रामनवमीची आहे, त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. मोहरीत वाळू होती आणि वाळूत खणलेले झिरे होते. गाव ज्वारीच्या आंबिलीवर जगत होतं, गहू कुणाच्या घरी दिसायला नव्हता. येसबाची बायको सारजा मात्र पावसाची आशा सुटली त्या दिवसापासून ओंजळभर गहू गाडग्यात झाकून बसली होती. त्या पहाटे ती जात्याशी बसली आणि तिचा बारीक आवाज अंगणात आला.

*ओंजळभर गहू, बाई, जात्यात वैरिते*
*रामाच्या मृदंगाला मी ग जेवू घालिते*

पीठ फडक्यात बांधून तिनं नवऱ्याच्या हातात दिलं. "अवो, जपून न्या. सांडलं तर दुसरं न्हाई."

"कवा सांडलंय माझ्याकडून?"

"परवा ताक कुनी सांडलं मंग?"

येसबा हसला. "ताक माझं व्हतं. हे रामाचं हाय."

पण मनातून तो हसत नव्हता. त्या वर्षी कीर्तनाला वामनबुवा देवगावकर आले होते. मोठे विद्वान, गळा गोड, आणि त्या गळ्याचा अभिमान त्याहून मोठा. आदल्या संध्याकाळी तालीम झाली तेव्हा येसबाचा हात एका जागी अडखळला होता. बुवा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गुरवा, तुझा हात कापतो की ताल? उद्या जन्माची थाप फुसकी गेली, तर पखवाज खुंटीला टांग. पुढच्या वर्षी मी माझा वादक आणीन."

गावकारभाऱ्यांनी माना खाली घातल्या, पण बुवांना विरोध कुणी केला नाही. येसबा रात्रभर कूस बदलत राहिला. पखवाज गेला तर आपण कोण, हे त्याला सुचत नव्हतं.

सकाळी तो नेहमीसारखा नदीवर गेला. मोहरीचंच पाणी घालून कणीक मळायची, ही त्यांच्या घरची रीत. झिऱ्याशी बसून त्यानं पीठ भिजवलं, तळहातावर फिरवून फिरवून मऊ केलं. एवढ्यात त्याला एक आवाज आला. त्याच्या बहिऱ्या कानांना आला, यातच काय ते समजावं!

काठावरच्या वडाखाली एक बाई बसली होती. पुढ्यात तीन दगडांची चूल, तिच्यात राखेखाली थोडा विस्तव. मांडीवर फाटक्या लुगड्यात गुंडाळलेलं तान्हं मूल. ते रडत होतं, पण रडायलाही त्याच्यात बळ नव्हतं.

"बाई, एकलीच का गं?" येसबानं जवळ जाऊन विचारलं.

"धनी सडकंच्या खडीवर गेल्यात, बाबा. मुकादम खाडा करू देत न्हाई. सांजंला येतील."

"बाळ कवाचं?"

"काल दिस बुडताना झालं."

"अन् तू खाल्लंस काय?"

बाई बोटानं वाळू सारखी करत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "दूध उतरंना बाबा. चोखून चोखून दमलंय ते."

येसबा उभा राहिला. हातात ओला गोळा होता. या गोळ्यात आज जन्माची थाप होती, वाडवडिलांचा मान होता, सारजाचे कितीतरी दिवस होते. तो दोन पावलं देवळाच्या दिशेनं गेलासुद्धा. मागून ते रडणं आलं आणि मग थांबलं. ते थांबणं येसबाला ऐकवलं नाही.

तो वळला. वडाची पानं तोडून त्यात कणीक थापली, पानगा करून विस्तवात सारला. खरपूस वास सुटला तेव्हा बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाबा, तुमच्या घरचं हुतं ना ह्ये?"

"न्हाई माय, रामाच्या घरचं. खा तू, सावकाश खा."

हात रिकामे घेऊन तो देवळात आला. गावात गहू नव्हता. फक्त वामनबुवांच्या शिध्याच्या पिशवीत पांढरंशुभ्र पीठ होतं, ते बुवा सोवळ्यानं बरोबर बाळगत. येसबा त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "बुवा, चिमूटभर कणीक द्याल का? पुडीला लावाया कायबी न्हाई."

"तुझी कुठं गेली?"

"एका भुकेल्या माणसाला दिली, बुवा."

"देवाची वस्तू वाटेवर उधळलीस? वर माझं सोवळ्याचं पीठ मागतोस, चामड्याला फासायला?" बुवा हसले. "वाजव तसाच. गावाला कळू दे."

येसबा पाराकडे गेला. त्यानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्याचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले, वास घेतल्यासारखे नाकाशी नेले, आणि त्यांचा चेहरा उजळला. महाराज म्हणाले, "येसबा, एरवी तुझी कणीक सेवा झाल्यावर पोटात जाते. आज आधी गेली. एवढाच फरक पडला. जा, बैस."

कीर्तन सुरू झालं. डावी पुडी कोरडी टणटणत होती. बुवांनी निरूपण मध्येच तोडलं. "श्रोतेहो, अयोध्येत रामजन्माला नगारे झडले होते. सावळदऱ्यात मात्र डबा वाजतोय!"

काही लोक हसले, उपाशीपोटी हसतात तसं, वरच्यावर. बायकांच्या बाजूला सारजा बसली होती. ती हसणाऱ्यांकडे नाही, नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. कणीक दिसत नव्हती. काय झालं असेल ते तिला कळलं की नाही कोण जाणे, तिनं फक्त पदर तोंडाशी धरला.

सूर्य माथ्यावर आला. बुवांनी हात वर केला, टाळ थांबले. सारं देऊळ उभं राहिलं. बुवा येसबाच्या कानाशी वाकून म्हणाले, "अजून वेळ आहे. उठ. पुजारी घंटा वाजवील."

येसबा खरंच उठू लागला होता. तेवढ्यात बाहेर पारावरून महाराजांचा शब्द आला, "बैस. थाप तुझीच आहे."

येसबानं डोळे मिटले. देवाला त्यानं काही मागितलं नाही. त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे मूर्ती आलीच नाही. वडाखालचं ते तान्हं तोंड आलं. "रामा, रडू नगंस रे," एवढंच त्याच्या ओठांतून निघालं आणि डावा हात खाली आला.

काय सांगावं! आटलेल्या मोहरीचं जुनं पाणी वाळूखालून एकदम चालू लागावं, तसा नाद उठला. समईच्या ज्योती थरथरल्या. खांबांना पाठ लावून उभे असलेल्यांच्या पाठीत तो गेला. बुवांच्या गळ्यातल्या वीणेला कुणाचं बोट लागलं नव्हतं, तिच्या तारा आपोआप झंकारल्या. आणि दूर डोंगरावरून धनगरांची आरोळी आली, "जल्मला गं बाई, राम जल्मला!"

पाळण्याची दोरी हलली, गुलाल उडाला. बुवांनी पाळणा म्हणायला तोंड उघडलं, पण गळ्यातून अक्षर फुटेना. शेवटी बायकांच्या बाजूनं सारजानं सूर धरला आणि पाळणा झाला.

गर्दी पांगू लागल्यावर बुवा पखवाजापाशी आले. त्यांनी कोरड्या पुडीवर बोट टेकवलं. बोट ओलं झालं. पुडीच्या मधोमध, जिथं कणीक थापतात तिथं, तळहाताएवढा ओला डाग होता. बुवांनी बोट नाकाशी नेलं. दुधाचा वास!

"येसबा," बुवांनी विचारलं, "कणीक कुणाला दिली होतीस?"

येसबानं उत्तर देण्याआधीच बाहेरून हाक आली. पायरीखाली ती बाई मुलाला छातीशी धरून उभी होती. "बाबा, मला सोयर हाय, म्या पायरी चढत न्हाई. एवढंच सांगाया आले. तुमचा मृदंग घुमला, अन् त्याच घडीला मला पान्हा फुटला. बगा, पिऊन कसं झोपलंय!"

लोक मागे सरले. महाराज मात्र पारावरून उतरले, तिच्यापाशी गेले आणि त्या मुलाच्या पायाला त्यांनी कपाळ लावलं. मग लोकांकडे वळून महाराज म्हणाले, "आज आत कौसल्याही बाळंतीणच आहे. तिला देवळाबाहेर ठेवता का कुणी?"

वामनबुवांनी वीणा उतरवली, उपरणं बाजूला ठेवलं आणि सगळ्या गावासमोर येसबाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बुवा, ह्ये काय करता! उठा, मला पाप लागंल!" येसबा गोंधळून मागे सरकला.

"पाप माझं आहे, येसबा. पीठ माझ्यापाशी होतं."

बुवा उठले, आपली शिध्याची पिशवी घेऊन आले आणि पायरीखाली त्या बाईपुढे बसले. "बाई, सोवळ्याचं पीठ आहे. तुला चालेल का?"

बाई लाजून हसली. "चालंल की, बुवा. भूक कुटं सोवळं बगती?"

येसबानं पाणी आणलं. ज्या हातांनी कधी चूल शिवली नव्हती, त्या हातांनी बुवांनी कणीक मळली. फार पातळ झाली. सारजा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बुवा, थोडं पीठ वाढवा," आणि तिनं ती सावरून दिली.

सावळदऱ्यात अजून ती रीत आहे. रामनवमीच्या सकाळी पखवाजासाठी कणीक मळली की पहिला पानगा गावातल्या ओल्या बाळंतिणीकडे जातो. तिचं पोट भरल्याचा निरोप आला, की मगच उरलेली कणीक पुडीला लागते. आणि त्या दिवशी आपल्या हातचा तो पहिला पानगा पानावर वाढताना वामनबुवा पायरीखालच्या धुळीत इतके खाली वाकले होते, की त्यांच्या कपाळाला लागलेला गुलाल त्या तान्ह्या बाळाच्या पावलांना लागला.